न कळत झालेली चूक



आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी लग्नानंतर कॅनडात स्थायिक झाली. तिच्या घरामागे पाणी साचणारी, दिवसभर उन्हाची जागा होती. शेजारणीने तिला तिथल्याच मातीतल्या एका रानफुलाचे बी दिले. नाव स्वॅम्प मिल्कवीड. आपल्या रुईच्या कुळातले हे झाड. पान तोडले की तसाच पांढरा चीक. बी महिनाभर ओल्या थंडीत राहिल्याशिवाय नीट रुजत नाही, म्हणून हिवाळ्यापूर्वीच पेरले. पहिल्या वर्षी फूल नाही. थंडीत झाड जमिनीपर्यंत वाळले. मेले, असे समजून ती हळहळली. पण मूळ जिवंत होते. पुढच्या उन्हाळ्यात झाड कमरेच्या वर गेले आणि गुलाबी फुलांचे घोस आले.

मग पानांवर पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या. पाने फस्त होऊ लागली. तिने फोनवर विचारले, "फादर, काय करू?" आम्ही वसईच्या वाडीत वाढलेले, कीड लागली की औषध, एवढेच ठाऊक. "औषध मार," आम्ही सांगितले. तिने मारले.

नंतर कळले, त्या मोनार्क फुलपाखराच्या अळ्या होत्या. मिल्कवीडच्या जातींखेरीज त्या दुसरे काही खात नाहीत. शरद ऋतूतली मोनार्क फुलपाखरे हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढतात. या झाडांच्या जागा घटल्या, तशी त्यांची संख्याही घटली.

आम्हाला माहीत नव्हते, हे खरे. पण तेवढ्याने सुटका होते का? १३व्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानात भेद केला आहे. जे दूर करणे आपल्या हाती नसते, त्याचा दोष लागत नाही. पण जे कळणे शक्य होते, कळून घेणे कर्तव्य होते, तिथे निष्काळजीपणाचा दोष राहतो. आमचे अज्ञान दुसऱ्या प्रकारचे. "या अळ्या कसल्या?" एवढे विचारले असते तरी पुरे होते. सल्ला मागणारा विश्वासाने येतो, म्हणून दोष तिच्यापेक्षा आमच्याकडे अधिक.

कोणी म्हणेल, अळीसाठी एवढा विचार कशाला? पण घराघरांतील भांडणांतही आपण असेच, एक बाजू ऐकून, न विचारता औषध सांगतो. तिथे माणसे होरपळतात.

आम्ही त्या भगिनीला फोन करून चूक कबूल केली. पुढच्या उन्हाळ्यात झाड पुन्हा फुटले. अळ्या आल्या, तेव्हा तिने पाने खाऊ दिली.