सावकाराचें दप्तर

पणदऱ्यांतील एका जुन्या व्यापारी घराच्या माळ्यावरून गेल्या वर्षीं तीन रुमाल खालीं आले. घर पाडून नवें बांधावयाचें होतें म्हणून आले; एरवीं आणखी पन्नास वर्षें ते तेथेंच पडून राहिले असते. घरधनी आमच्या परिचयाचे, आणि आम्हांस मोडी वाचतां येतें, म्हणून त्यांनीं बोलावून घेतलें. रुमाल सोडले तों आंत रोजकीर्दी, खतावण्या, कर्जरोखे, आणि त्यांतच गुंतलेलीं घरगुती पत्रें, लग्नाच्या याद्या, पंढरीच्या वारीचा खर्च. एका पानावर मुलीच्या पाटल्यांचा हिशेब. त्याच्याच खालीं कोणा कुणब्यानें गहाण ठेवलेल्या बैलजोडीची नोंद, व सहीच्या जागीं नांगराची निशाणी. दोन दिवस वाचन झाल्यावर घरधनी म्हणाले, "हें सारें नीरेंत सोडून द्यावें असें मनांत आहे. आजोबांची अब्रू चारचौघांत कशाला?"

वडिलांचें उणें झांकावें हा आपल्याकडचा जुना संस्कार आहे, आणि तो टाकाऊ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु येथें झांकावयाचें तें एकट्या आजोबांचें आहे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

पणदऱ्याच्या उत्तरेस सुपे हें बाजारपेठेचें गांव आहे. तेथें १२ मे १८७५ रोजीं आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर गेले, आणि त्यांनीं वह्या व रोखे मागून घेऊन जाळले. धान्याची लूटही झाली. पण लोकांचा मुख्य रोख कागदांवर होता. अमेरिकेंतील यादवी १८६५ सालीं संपतांच येथल्या कापसाचा भाव बसला व सावकारानें हात आंखडला. त्यांतच १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्याचें आयुष्य तीन वर्षें ठरलें. ऋणकोस सवड मिळावी हा त्याचा हेतु. परिणाम उलटा झाला. तीन वर्षें भरलीं कीं थकलेलें व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा लिहावयाचा, आणि कुणब्यानें त्यावर पुन्हा निशाणी करावयाची. भरलेल्या पैशाची पावती मिळेलच असा नेम नव्हता. जाळणारास अक्षर येत नव्हतें, पण कागदाचें बळ त्यास पुरतें ठाऊक होतें. पुढें १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्यानें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याची मुभा दिली, आणि सावकारानें पावती व हिशेब दिलाच पाहिजे असें ठरविलें. म्हणजे वही ही धन्याची खासगी वस्तु नव्हे, तिच्यांत ज्याचें खातें त्याचाही तिच्यावर हक्क आहे, हें सरकारासही उशिरां कां होईना मान्य करावें लागलें.

तेव्हां आमचे घरधनी म्हणतील, सुप्यास जाळलें तें चालतें, मग आम्हीं बुडविलें तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. सुप्यास कागद जाळले ते ज्यांच्या विरुद्ध ते कागद बोलत होते त्यांनीं, घर आणि शेत वांचविण्यासाठीं. पणदऱ्यास कागद बुडवूं पाहतो तो ज्यांच्या बाजूनें ते बोलत आले त्यांचा वारस. आणि तोही आतां ते उलट बोलतील या भीतीनें. रोख्याची वसुली केव्हांच मेली. उरली ती साक्ष, आणि त्या नांगराच्या निशाणीवाल्याचें नांव, गांव, त्याचा बैल, त्याचें दुष्काळांतलें वर्ष हें बहुधा या एकाच वहींत शिल्लक असेल. सावकाराची वही बुडाली कीं ऋणकोही दुसऱ्यांदा बुडतो.

अमेरिकेंत प्रॉव्हिडन्स शहरीं ब्राउन घराण्याचें उदाहरण या बाबतींत लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्यांच्या पेढीनें १७६४ सालीं 'सॅली' नांवाचें गलबत गुलाम आणावयास आफ्रिकेस धाडलें. १९६ माणसें खरेदी झालीं. त्यांतलीं निदान १०९ दगावलीं. हे आंकडे कोण्या शत्रूनें लिहून ठेवले नाहींत. गलबताच्या हिशेबाच्या वहींतच, मालाच्या खरेदीविक्रीच्या नोंदींबरोबर, त्या मृत्यूंचीही नोंद आहे. घराण्यानें कागद ठेवले, आणि त्या घराण्याचेंच नांव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीनें २००६ सालीं ते उघडपणें जगापुढें मांडले. घराण्याची अब्रू त्यामुळें गेली कीं राहिली याचा निवाडा ज्यानें त्यानें करावा. आमच्या मतें कागद नाहींसे करून ती अधिक राहिली नसती.

आणि घरगुती पत्रें? तीं वेगळीं काढून ठेवावीं असें आम्हांसही प्रथम वाटलें. पण व्यापाऱ्याच्या घरीं नातें आणि येणें यांची वेगळी गांठोडीं नसतात. बारामतीच्या बाबूजी नाइकांचेंच पहा. भाऊ आबाजी नाईक थोरल्या बाजीरावांचा मेहुणा, आणि स्वतः बाबूजी बाजीरावांचे धनको. १७४० सालीं बाजीराव वारले, तेव्हां रघूजी भोसल्यांच्या पाठबळावर यांनीं पेशवाईच मागितली. ती न मिळतां बापाच्या कर्जाचा तगादा मुलास, म्हणजे नानासाहेबास लावला. अखेर महादोबा पुरंदऱ्यांनीं त्यांतून वाट काढली. यांतलें सोयरिकीचें पान कोणतें आणि व्यवहाराचें कोणतें? आजारपणाचीं, भांडणांचीं चार पत्रें कांहीं काळ मिटून ठेवावीं, इतकें आम्हीं मान्य केलें. बाकीचें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाकडे द्यावें असें सुचविलें.

घरधन्यांनीं हो म्हटलें नाहीं. मात्र त्यांनीं ती बैलजोडीची नोंद आमच्याकडून पुन्हा वाचून घेतली, नांव दोनदां विचारलें, आणि म्हणाले, "या आडनांवाचे लोक अजून आहेत. कालव्याच्या खालीं त्यांचा ऊंस आहे." मग त्यांनीं रुमाल बांधले; पण तें एक पान बाहेर ठेवलें.