तेल : पोटास की यंत्रास?

सन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डीझेलचे एक यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालले होते. आपल्या सरकारच्या २००९ च्या धोरणाने मात्र अखाद्य बिया व पडीक जमीन यांवर भर दिला, हे आम्हांस योग्य वाटते. करंजेल तर पूर्वी दिव्यांतही जळत असे! परंतु मोगली एरंडाचा अनुभव निराळा आहे. पडीक जमिनीत तो तगतो. बी भरघोस येत नाही. मग पाणी द्यावे लागते, पुढे चांगली जमीनही हवीशी वाटते. देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणीत असता, शेजाऱ्याच्या फोडणीचे तेल आमच्या मोटारीत ओतण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? ओढ्याकाठच्या करंजाच्या बिया वेचण्यास आमची मुळीच हरकत नाही.