जिंकलेल्याचे येणे

बुकी प्रामाणिक आहे की नाही, हे जिंकलेल्या गिऱ्हाइकाशी तो कसा वागतो यावरून कळते. हरलेल्याला काही द्यायचेच नसते. उरलेल्या महाराष्ट्राप्रमाणे बारामती आणि इंदापूर तालुक्यांतही या प्रश्नाचे सर्वांत ओळखीचे रूप म्हणजे मटका हा आकड्यांचा जुगार. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने मुंबईत येणाऱ्या भावांवर पूर्वी आकडा लावला जाई. ते भाव येणे थांबल्यावर 1962 मध्ये कल्याणजी भगत आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी पत्ते काढून आकडा ठरवायला सुरुवात केली. पत्ते लोकांदेखत निघतात, या विश्वासावर खत्रींचा धंदा वाढला.

तीन पत्ते निघतात. 2, 5, 8 आले तर बेरीज 15, तिचा शेवटचा अंक 5 हा ओपन. दुसऱ्या वेळचे तीन पत्ते क्लोज देतात आणि दोन्ही मिळून जोडी होते. एका आकड्याला रूढ भाव नऊपट, जोडीला नव्वदपट. शंभर जोड्यांवर दहा-दहा रुपये लागले, तर गल्ल्यात हजार येतात आणि जिंकणाऱ्याला नऊशे जातात. चुकारा चोख झाला, तरी दहावा हिस्सा भावातच कापलेला असतो. गिऱ्हाईक मात्र वेळेवर आलेल्या नऊशेंनाच सचोटी समजते. छोटी रक्कम वेळेवर देण्यात बुकीचाही फायदा असतो, कारण तोच पैसा बहुधा दुसऱ्या दिवशी परत लागतो.

खरी कसोटी मोठ्या रकमेची. एकाच जोडीवर फार पैसा आला, तर छोटा बुकी तो भार वरच्याकडे उतरवतो; याला कटिंग म्हणतात. वरच्याने हात वर केले, की खालचाही अडतो. त्या वेळी गिऱ्हाइकाच्या हातात असते ती चिठ्ठी: आकडा, ओपन की क्लोज, रक्कम. त्यावर ना गिऱ्हाइकाचे नाव असते, ना घेणाऱ्याची सही.

असली चिठ्ठी इंदापूरच्या किंवा बारामतीच्या न्यायालयात चालत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असून जिंकलेल्या रकमेसाठी दावाच लावता येत नाही. अपवाद घोड्यांच्या शर्यतीत विजेत्याला द्यायच्या, 500 रुपये किंवा अधिक किमतीच्या बक्षिसासाठीच्या वर्गणीचा. असा करार रद्दबातल असला तरी तेवढ्याने बेकायदा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये घेरूलाल पारख खटल्यात सांगितले. जुन्या मुंबई इलाख्यात मात्र 1865 च्या कायद्याने पैजेला हातभार लावणारे करारही रद्दबातल केले होते. त्यात 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानुसार मटका खेळणाराही आरोपी होऊ शकतो, म्हणून बुडवणाऱ्याविरुद्धची तक्रार हा स्वतःचाच कबुलीजबाब ठरतो. जुगार आवरण्यासाठी केलेल्या या तरतुदींचा सर्वांत मोठा लाभ पैसे बुडवणाऱ्या बुकीला मिळतो, ही गोष्ट गंभीर आहे.

ब्रिटनने 2005 च्या जुगार कायद्याने पैजेचे येणे वसूल करण्याजोगे केले. तिथे 2021 मध्ये अँड्र्यू ग्रीन या ग्राहकाने आपले बुकीने अडवून ठेवलेले सुमारे 17 लाख पौंड उच्च न्यायालयातून मिळवले. पण कायदेशीर बाजारातही एक अन्याय उरतोच. घोडे किंवा खेळाडू यांचा अभ्यास करून जो सातत्याने जिंकतो, त्याच्या पैजेची मर्यादा बुकी अगदी थोड्या रकमेवर आणतो किंवा खाते बंद करतो. हरणाऱ्याला मात्र दार सताड उघडे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये 2014 पासून घोड्यांच्या शर्यतींवर ठरावीक रकमेपर्यंतची पैज बुकीने नाकारू नये, असा नियम झाला. पुण्याच्या रेसकोर्सवरील टोटमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे सगळ्यांचा पैसा एका गल्ल्यात जमतो, ठरलेला हिस्सा कापून उरलेला जिंकणाऱ्यांत वाटला जातो. कोण जिंकले याने चालकाचे काही बिघडत नाही.

आता चिठ्ठीची जागा मोबाइलने घेतली आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद केले. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. तक्रार करताना त्याला या कायद्याची भीती नसली, तरी परदेशी ॲपमध्ये अडकलेले जिंकलेले पैसे त्याला कलम 30 मुळे दावा लावून मागता येत नाहीत.