मूठ कुणाच्या हाताची

आमच्या चितेगावच्या घरात देवळीजवळच्या कोनाड्यात एक गोळी ठेवलेली आहे. बोरापेक्षा मोठी, लिंबापेक्षा लहान, वापरून गुळगुळीत झालेली. नातवंडं विचारतात, हे काय? मी सांगतो, पद्मिनीच्या गिअरची जुनी मूठ. पुढचं सांगत नाही. ते आज लिहितो.

ती गाडी आम्ही 1994 साली जुनीच घेतली. कागद माझ्या नावावर, निम्मे पैसे थोरल्या भावाचे, अण्णाचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी. तिचा गिअर खाली नव्हता; स्टेअरिंगच्या दांड्याला, डाव्या हाताशी होता. त्यामुळं पुढं पायाशी जागा मोकळी राहायची आणि सलग सीटवर ड्रायव्हर धरून तिघं बसायची. नाथषष्ठीला पैठणला निघालो की माय आम्हा दोघा भावांच्या मधी बसायची.

चालवायचा अण्णा. रात्री-अपरात्री गावात कुणी बाई अडली की लोक त्याचंच दार वाजवायचे. तो सदरा चढवतच बाहेर यायचा आणि गाडी औरंगाबादला, घाटीकडं काढायचा. कुणाकडं पेट्रोलचे पैसे कधी मागितले नाहीत.

अशा गाडीत वरच्या गिअरची ओढ सळया आणि सांध्यांतून खाली गिअरपेटीपर्यंत जाते. सांध्यांतले बुश झिजले की सळया अडकतात, गिअर मधीच फसतो. अण्णाला युक्ती ठाऊक होती. उतरायचं, बॉनेट उघडायचं, हातानं सळई जागेवर ढकलायची. मला ते जमत नव्हतं. एकदा पैठण रोडवर कंपन्या सुटायच्या वेळेला मी गाडी वळवत होतो आणि ती आडवीच अडकली. समोरून ट्रक, आत माय. लोकांनी ढकलून बाजूला घेतली. त्या दिवशी मी ठरवलं.

अण्णा नाथांच्या पालखीसोबत पंढरपूरला गेला होता. मी गाडी गॅरेजात नेली. मिस्त्री म्हणला, "बुश बदलतो, सळया जुळवून देतो. गाडी लागल राईट."

म्हणलं, "नको. गिअर खाली घे. नव्या गाड्यांसारखा."

तळाचा पत्रा कापला, खाली दांडा बसवला. आधी आखूड झाला. हात थोडाच हलायचा, पण जोर लागायचा. मग लांब केला. हलका पडायला लागला, पण हात लांबवर न्यावा लागायचा. पहारीचंच गणित हे. पहार लांब असली की दगड सहज उचलतो, पण टोक हातभर दाबावं लागतं. फुकटात काही मिळत नाही. शेवटी माझ्या हाताला बरा वाटेल तेवढा दांडा ठेवला, आणि सुताराकडून माझ्या तळव्याच्या मापाची शिसवीची मूठ करून घेतली.

अण्णा वारीहून आला. गाडीत बसला, चावी फिरवली आणि डावा हात उचलून स्टेअरिंगपाशी नेला. तिथं काही नव्हतं. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग खाली वाकून त्यानं नवी मूठ चाचपली. म्हणला, "चांगली झाली रे. तुझ्या हाताची झाली."

आणि उतरला. दोन-चारदा चालवून पाहिली असेल, मग सोडून दिलं. मायची मधली जागाही गेली. तिथं दांडा आला, ती मागं बसू लागली. रात्रीचं दार वाजणं हळूहळू थांबलं. अण्णाला गाडी येत नाही, आणि मला उठवायला लोक कचरायचे.

आमच्या बापाची रीत निराळी होती. औत त्याचं, बैल त्याचे. पण नवा सालगडी आला की पहिल्या दिवशी त्याला औतामागं उभा करायचा, त्याच्या उंचीप्रमाणं रुमणं बदलून घ्यायचा. म्हणायचा, "औत माझं असंल, दिवसभर धरणार तर हा ना?" मालकी आणि मूठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या अंगठेबहाद्दराला कळत होतं. मी दहावी शिकून कागदावरचं नाव बघत बसलो.

गाडी धोक्याची झाली होती, हे खोटं नाही. पण बुश बदलले असते तर धोकाही गेला असता आणि अण्णाचा हातही जागेवर राहिला असता. मिस्त्रीनं ते सांगितलंही होतं. मला नुसता धोका घालवायचा नव्हता, गाडी माझ्यासारखी करायची होती. धोका मी फक्त पुढं केला. माणूस स्वतःच्या हौसेला असंच दुसऱ्याच्या काळजीचं नाव देतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्याची बातमी वाचली, तेव्हा अण्णा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच्यापाशी हा विषय मी कधी काढला नाही, त्यानंही काढला नाही. सळया भंगारात गेल्या. एवढी गोळी मिस्त्रीनं तेव्हा माझ्या हातावर ठेवली होती, ती राहिली.

परवा पोरगा म्हणला, "ट्रॅक्टरच्या गिअरचा दांडा थोडा वाकवून घेतो, नवी मूठ पण टाकतो."

म्हणलं, "टाक. पण आधी गड्याला बसवून बघ. दिवसभर तोच चालवतो."