दैवाचें पांचवें स्थान

मनुष्यस्वभावाची एक खोड अशी आहे कीं, ज्या गोष्टीचा उलगडा करावयास श्रम पडतात तिला एखादें भारदस्त नांव देऊन तो मोकळा होतो. अनर्थ ओढवला कीं 'दैव', अनर्थांतून कोणी वांचला कीं 'चमत्कार'. या शब्दांनीं विचार पुरा होतो कीं केवळ थांबतो, हा प्रश्न एका अपघाताच्या हकीकतीनें आमच्यापुढें उभा केला.

1 मे 2023 रोजीं कोलंबियांतील आराराकुआरा या अरण्यवेष्टित ठिकाणाहून एक लहान 'सेस्ना 206' विमान सान होसे देल ग्वाविआरेकडे निघालें. आंत वैमानिक, दोन प्रौढ व चार मुलें. एंजिन एकच. वाटेंत तें मंदावलें, पुनः चालूं झालें, पुनः बंद पडलें. नदीवर उतरण्याचा वैमानिकाचा बेत त्याच्या शेवटच्या संदेशांत नमूद आहे. पंधरवड्यानें विमान झाडींत नाक रुतलेलें सांपडलें. तिन्ही प्रौढ मृत होते, मुलें तेथें नव्हतीं. 9 जूनला, म्हणजे 40 व्या दिवशीं, तीं चारही जिवंत सांपडलीं. अपघातसमयीं थोरली 13 वर्षांची होती, धाकटें मूल 11 महिन्यांचें.

आतां अपघाताचें कारण काय? एंजिन बंद पडलें, हें उत्तर खरें आहे, पण पुरें नाहीं. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्माचीं पांच कारणें सांगितलीं आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. तींच येथें लावून पाहूं. अधिष्ठान म्हणजे रस्ता नसलेलें तें अरण्य. कर्ता वैमानिक, त्यानें अखेरपर्यंत शर्थ केली. करण तें विमान. 2021 सालीं त्याला एकदा अपघात होऊन दुरुस्तीनंतर तें पुनः उडूं लागलें होतें. चेष्टा म्हणजे दुरुस्ती, तपासणी, उड्डाणाची अनुज्ञा असे अनेक हातांचे व्यापार. इतकें शोधून झाल्यावर जें उरेल तें दैव. गीतेनें त्यास पांचवें स्थान दिलें. आम्ही त्याला पहिल्या पाटावर बसवितों, आणि मग उरलेल्या चौघांचीं पानें मांडलींच जात नाहींत.

यावर कोणी म्हणेल, कारणें शोधणें म्हणजे अपराधी शोधणें. मेलेल्या वैमानिकास दोष देऊन काय साधणार? येथें कारण आणि दोष यांची गल्लत होते. विमान-अपघाताच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय दंडकच असा आहे कीं, तिचा हेतु पुढील अपघात टाळणें हा असावा, दोष वाटणें हा नव्हे. परंतु दोष कोणाचा नाहीं म्हणून दायित्वही कोणाचें नाहीं, असें त्यांतून निघत नाहीं. ज्यांना दुसरा मार्ग नाहीं त्यांनीं एका एंजिनाच्या भरंवशावर जावें, हें कोणीतरी ठरविलेलें असतें; कोणीच ठरविलें नसेल, तर तो हयगयीचा निर्णय होय.

चमत्काराची गोष्टही अशीच. तीं मुलें हुइतोतो जमातीचीं. रानांतील कोणतें फळ खावें, कोणतें टाकावें, हें तीं आजीजवळ शिकलीं होतीं. विमानांतील कसाव्याच्या पिठावर त्यांनीं पहिले दिवस काढले. सैनिकांबरोबर तेथील मूळनिवासी रान तुडवीत होते, आणि हेलिकॉप्टरांतून त्या आजीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकविला जात होता. यास चमत्कार म्हणणें श्रद्धेचें दिसेल, पण त्यांत आजीचें श्रेय बुडतें.

दैव म्हटलें कीं जबाबदार सुटतो. चमत्कार म्हटलें कीं उपकारकर्ता विसरला जातो. मृतांना उत्तर आणि वांचविणारांना कृतज्ञता, हीं दोन्ही देणीं फेडावयाचीं असतील, तर आधीं चार कारणें मोजावीं. पांचवें कोठें पळून जात नाहीं.