पतन आणि अनुताप

मद्य सोडीन म्हणणारा पुन्हा प्याला, तर त्याचा अनुताप खोटा होता काय? हा प्रश्न उपदेशी जनांच्या घरीही उद्भवतो.

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरी, काही महिन्यांपूर्वी मद्य सोडलेल्या एका दलालाचा निश्चय डळमळला. त्याने मद्यगृह टाळून दुसरा मद्यासक्त शोधला. तो शल्यवैद्य होता. दोघे एकमेकांचे सांगाती झाले. थोड्याच दिवसांत वैद्य पुन्हा प्याला. दलालाने त्यास टाकिले नाही. पुढे वैद्याने १९५० साली मरेपर्यंत मद्यास स्पर्श केला नाही. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ हा संघ या सांगातातून उभा राहिला.

तात्पर्य, पतनाने अनुताप खोटा ठरत नाही. पतनानंतर तो पुन्हा उपजतो काय, हे पाहावे. सांगात्याने धिक्कार करू नये. तसेच कर्ज फेडून, खोटी सबब सांगून दोष झाकूही नये. दीर्घकाळ पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी मद्य थांबविल्यास झटके व भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून प्रथम वैद्याकडे न्यावे. मग नित्य पुसावे, “दादा, आजचा दिवस कसा गेला?” नेम जन्माचा असला, तरी पाळावयाचा तो आजच.