चिलटाचं चारित्र्य

केळ्यांवर चिलटं जमली की घरात माझा पुकारा होतो. "अहो, बँकेत माशाच मारता ना दिवसभर? मग इथल्याही मारा!"

पण हल्ली माझा हात उठत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व्हेरोनिका रॉड्रिग्ज आणि ओबेद सिद्दिकी यांनी १९७८ साली दाखवलं, की काही चिलटांना ठरावीक वास कळतच नाहीत आणि हा दोष जनुकांतला, म्हणजे वडिलोपार्जित. (आमच्याकडेही वडिलोपार्जित म्हणून दोषच आलेत.) पुढे २०१२ मध्ये आणखी एक कळलं. पहिल्या पावसानंतर मातीला वास येतो ना, त्यातलं जिओस्मिन चिलटाला एकाच ग्राहकामुळे जाणवतं. ग्राहक हा शब्द शास्त्रज्ञांचा, आमच्या काउंटरवरचा नव्हे. त्या वासानं आपण कविता करतो. चिलट मात्र घातक बुरशीच्या शंकेनं समोरचं फळ सोडतं. खात नाही, अंडीही घालत नाही. तो एक ग्राहक बिघडवा, संयम खलास!

आता माझा हिशेब. बावीस वर्षं कॅश मोजतोय, पैसा इकडचा तिकडे नाही. शेजारच्या काउंटरवरचा एकजण तीन हजारांपायी नोकरीतून गेला, तेव्हा "मोह आवरता येत नाही म्हणजे काय?" असं त्याला चारचौघांत सुनावणारा मीच. पण मला मोह झाला आणि मी तो आवरला, असं एकदाही आठवत नाही. नोटांचा वासच कधी आला नाही. मग ही शिल्लक जमा कुणाच्या खात्यात करायची?

परवा तो मंडईत दिसला. केळीच घेत होता. मुद्दाम रस्ता ओलांडून गेलो, आणि केळ्यांचा भाव विचारून परत आलो.